नंदादीपाला हिशेब होता, वाय-फायला नाही

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंती म्हणजे दगडात कोरलेली जमाखर्चाची वही आहे. राजराज चोळाच्या काळात, इ. स. १०१० च्या सुमारास हे मंदिर पूर्ण झाले आणि कोणी काय दिले, कोणाकडून काय यायचे, याची नोंद तिथल्या दगडांवर कोरली गेली. अखंड तेवणाऱ्या दिव्यांचा हिशेबही त्यात आहे. एका नंदादीपाला रोज एक उळक्कु तूप आणि त्या तुपासाठी मेंढपाळाकडे सोपवलेल्या ९६ मेंढ्या, असा तो दर. मराठी वाचकाला हे मंदिर परके नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो याच मंदिरात. त्यांच्या आधी आठशे वर्षे तिथल्या कारभाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. दिवा न विझवणे हे पुण्य असेल, पण ते फुकट नाही. जे अहोरात्र जळते त्याचा खर्च कोण उचलतो, हे लिहून ठेवावे लागते.

आजच्या महाविद्यालयांत, कार्यालयांत, रेल्वे स्थानकांत आणि घराघरांत नव्या प्रकारचे नंदादीप लागले आहेत. छताला चिकटलेली पांढरी चकती, दिवाणखान्यातल्या टीव्हीशेजारचा दोन शिंगांचा राउटर, गच्चीवरचा मोबाइल टॉवर. इमारत कुलूपबंद असली, घर झोपलेले असले, परिसरात चिटपाखरू नसले तरी त्यांचे रेडिओ जागेच असतात. दर १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो, पंखे आणि दिवे बंद करण्याच्या शपथा घेतल्या जातात, आणि ती शपथ ज्या सभागृहात घेतली जाते त्याच्या छतावरचे वाय-फाय कार्यक्रम संपल्यावर रात्रभर रिकाम्या खुर्च्यांना सेवा देत राहते. हा आक्षेप कोणा एका संस्थेवर नाही. देशभरची रीतच अशी आहे, आणि ती रीत चुकीची आहे.

प्रथम रिकामा रेडिओ नेमके काय करतो ते पाहू. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट आपल्या अस्तित्वाची घोषणा सतत करत असतो. या घोषणेला बीकन म्हणतात. दोन बीकनमधले प्रचलित अंतर १०२.४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा घोषणा आणि दिवसाला ८,४३,७५०. हा आकडा एका रेडिओवरच्या एका नावाच्या नेटवर्कचा. विद्यार्थ्यांचे, कर्मचाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे अशी तीन नेटवर्के दोन रेडिओंवर चालवली, तर घोषणांची संख्या सहापट होते. तरीही बीकन हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा खर्च ऐकण्याचा. कोणता फोन कोणत्या क्षणी हाक मारील हे ठाऊक नसल्याने ॲक्सेस पॉइंटचा ग्राहक-संच अखंड कान टवकारून बसतो. मंडले चालू, प्रोसेसर चालू, तारेचे जोडबिंदू चालू. बोलण्याइतकीच प्रतीक्षाही महाग पडते.

हे ज्ञान नवे नाही. वेई ये, जॉन हाइडमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी २००२ मध्ये सेन्सर-जाळ्यांसाठी ‘एस-मॅक’ ही पद्धत मांडली, तेव्हा ऊर्जेच्या अपव्ययाच्या प्रमुख कारणांत त्यांनी या रिकाम्या ऐकण्याला स्थान दिले आणि त्यावर उपायही सांगितला: वेळापत्रक ठरवा, झोपा, ठरल्या वेळी उठा, विचारपूस करा, पुन्हा झोपा. बिनतारी जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा चुकत नाही. टोपणाएवढ्या सेन्सरची दोन पेन्सिल सेलवरची आयुर्मर्यादा कशी वाढवावी, याची गणिते तो संगणकावर सोडवतो, आलेख काढतो, गुण मिळवतो. ज्या प्रयोगशाळेत तो हे करतो तिथल्या छतावरच्या यंत्राला मात्र त्या धड्यातला एक शब्दही लागू केलेला नसतो. ज्ञान वर्गात राहते आणि वीज छतावर जळते, यापेक्षा विज्ञानशिक्षणाची मोठी थट्टा कोणती?

‘तंत्रज्ञानच तसे आहे’ हा बचाव इथे चालत नाही. वाय-फायचे पहिले मानक, ८०२.११, १९९७ मध्ये आले. त्याच मानकात फोन-लॅपटॉपसारख्या उपकरणांना झोपण्याची सोय होती. उपकरण झोपते, त्याच्यासाठी आलेला मजकूर ॲक्सेस पॉइंट राखून ठेवतो, ‘तुझे काही आले आहे’ असे बीकनमधून कळवतो, आणि उपकरण तेवढ्यापुरते उठून आपले टपाल घेऊन जाते. वाय-फाय ६ ने यात आणखी भर घातली: कोणत्या उपकरणाने नेमके कधी उठायचे, याची वेळच आधी ठरवून घेता येते. सोय झाली ती झोपणाऱ्याची. टपाल राखणाऱ्या यंत्राने मात्र जागेच राहायचे, हे गृहीतच धरले गेले.

या गृहीतकामागे भौतिकशास्त्राचा कोणताही नियम नाही, याचा पुरावा वाय-फायच्याच इतिहासात आहे. २०१० मध्ये ‘वाय-फाय डायरेक्ट’ आले. त्यात एक फोनच दुसऱ्या फोनासाठी ॲक्सेस पॉइंटची भूमिका करू लागला, म्हणजे टपाल राखणारे यंत्र बॅटरीवर आले. आणि तत्काळ मार्ग निघाला! ‘मी अमुक वेळ हजर नसेन’ अशी सूचना जोडलेल्या उपकरणांना देऊन हा यजमान फोन झोपू शकतो, अशी तरतूद त्या मानकात झाली. छतावरच्या चकतीला जे अशक्य म्हणून सांगितले जाते, ते खिशातल्या चकतीला पहिल्याच आवृत्तीत शक्य झाले. फरक एवढाच की फोनची बॅटरी संपली तर ग्राहक ओरडतो, छतावरच्या चकतीचे वीजबिल वाढले तर कोणालाच कळत नाही.

सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. रेडिओ कधी झोपेल हे तो कोणाच्या पैशाने जागतो यावर ठरते. तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांच्या बिलात पहिली १०० युनिटे मोफत आहेत. आठ वॅटचा राउटर दोन महिन्यांत सुमारे साडेअकरा युनिटे घेतो. कमी वापर असलेल्या घरात ही युनिटे त्या मोफत वाट्यातच विरघळून जातात. घरमालकाला त्याची झळ नाही, राउटर बनवणाऱ्याला नाही, सेवा देणाऱ्या कंपनीलाही नाही, कारण वीज ग्राहकाच्या सॉकेटमधून जाते. महाविद्यालयात ती परिसराच्या एकत्रित बिलात बुडते. संगणक विभाग यंत्रे लावतो, विद्युत विभाग बिल भरतो आणि दोघांच्या नोंदवह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. चोळांच्या कारभाऱ्याने अशी वही क्षणभर चालू दिली नसती.

‘आठ वॅट म्हणजे किती?’ असे हसून विचारले जाते. आठ वॅट वर्षभर अखंड चालले की ७० युनिटे होतात. एखाद्या शिक्षणसंस्थेत असे ५०० ॲक्सेस पॉइंट आहेत असे धरले, तर वर्षाची ३५,००० युनिटे. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ते पूर्ण बंद ठेवले तर ११,६८० युनिटे वाचतात. देशात तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडच्या जोडण्या चार कोटींहून अधिक आहेत. प्रत्येकीमागे आठ वॅटचा एक राउटर धरा: ३२ कोटी वॅट, म्हणजे ३२० मेगावॅटचा अखंड भार. ज्याला तो क्षुल्लक वाटतो त्याने ३२० मेगावॅटचे वीजकेंद्र उभारायला किती जमीन, किती पाणी आणि किती कोळसा लागतो ते पाहावे. रात्रीचे सहा तास हा भार उतरला तर वर्षाला ७० कोटी युनिटे वाचतात. ही बचत रात्रीची आहे, आणि रात्री सौर पॅनेले मुकी असतात. त्या वेळी कमी वापरलेले युनिट बहुतांशी कोळशाचे असते.

जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१४ मध्येच हा इशारा दिला होता. जाळ्याला जोडलेल्या उपकरणांनी २०१३ मध्ये ६१६ अब्ज युनिटे वीज वापरली आणि त्यांपैकी सुमारे ४०० अब्ज युनिटे अकार्यक्षम तंत्रामुळे वाया गेली, असा त्या संस्थेचा अंदाज होता. उपकरणे काम करताना फार वीज घेतात, ही तक्रार नव्हती. काम नसतानाही ती जवळजवळ तेवढीच वीज घेतात, ही होती.

वाय-फायची गोष्ट मोबाइल टॉवरला अधिक तीव्रतेने लागू पडते. युरोपातल्या ‘अर्थ’ या संशोधन प्रकल्पाने २०१० ते २०१२ या काळात मोबाइल केंद्रांच्या वीजवापराचे जे प्रारूप मांडले, ते विद्यार्थ्यांनी पाठ करावे असे आहे. मोठ्या केंद्रातला एक प्रक्षेपक-ग्राहक संच २० वॅटच्या पूर्ण प्रक्षेपणावर सुमारे २२४ वॅट घेतो. एकही ग्राहक नसताना तोच संच १३० वॅट घेतो. झोपवला तर ७५ वॅट. म्हणजे काहीही न करण्याचा खर्च पूर्ण कामाच्या निम्म्याहून जास्त. याचे एक कारण ४जीच्या रचनेत आहे. तिथे संदर्भ-संकेत दर मिलिसेकंदाला प्रसारित होतात, ऐकणारा असो वा नसो; त्यामुळे प्रवर्धकाला डुलकी घ्यायलाही उसंत मिळत नाही. ५जीची रचना करताना ही चूक सुधारली गेली. तिथे मूलभूत संकेत सर्वसाधारणपणे २० मिलिसेकंदांनी येतात आणि हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत ताणता येते. दोन संकेतांच्या मधल्या शांततेत यंत्र झोपू शकते. शांतता उपलब्ध आहे. ती वापरायची की नाही हा आता निव्वळ इच्छेचा प्रश्न आहे.

कावेरीच्या मुखप्रदेशात या प्रश्नाला बिलापलीकडची बाजू आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै आणि पेरावुरणी भागांतल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. वादळाने विजेचे एक लाखाहून अधिक खांब पाडले आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी टॉवर दोनच गोष्टींवर जगतो: खालच्या खोलीतली बॅटरी आणि जनित्रातले डिझेल. रस्त्यांवर झाडे पडलेली असताना डिझेलची गाडी पोहोचत नाही. मग उरते बॅटरी. ज्या बॅटरीवर १३० वॅट घेणारा संच १० तास तग धरतो, तिच्यावर ७५ वॅट घेणारा १७ तास धरतो. टॉवरवर असे अनेक संच, अनेक पट्टे असतात. त्यांतला दूरवर पोहोचणारा एक पट्टा जागा ठेवून जास्तीची क्षमता पुरवणारे बाकीचे झोपवले, तर हाक मारण्यापुरता आवाज कितीतरी अधिक वेळ शिल्लक राहतो. छपराखाली अडकलेल्या माणसाला चित्रपट पाहायचा नसतो. त्याला ‘आम्ही इथे आहोत’ एवढेच सांगायचे असते. रिकामा रेडिओ झोपवण्याची शिस्त शांत दिवसांत अंगवळणी पडलेली नसेल, तर वादळाच्या रात्री ती कोणी शिकवायला येणार नाही.

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांतले काही रास्त आहेत. पहिला सुरक्षेचा. काही कॅमेरे, दाराची कुलुपे, रुग्णालयातली यंत्रे वाय-फायवर चालतात. रात्री ते बंद कसे करणार? करू नये. जिथे काम आहे तिथला रेडिओ रिकामा नसतोच. पण एका मजल्यावर दोन कॅमेरे आहेत म्हणून वीस वर्गखोल्यांतले वीस रेडिओ जागवणे, हे चौकीदारासाठी सगळ्या इमारतीचे दिवे लावून ठेवण्यासारखे आहे. एक रेडिओ जागा ठेवून शेजारचे झोपवता येतात. २.४ गिगाहर्ट्झचा दूर पोहोचणारा पट्टा ठेवून ५ गिगाहर्ट्झचा बंद करता येतो. वसतिगृहात विद्यार्थी रात्री जागतात, तर तिथले चालू ठेवून ग्रंथालयाचे आणि कार्यशाळेचे बंद करता येतात.

दुसरा आक्षेप असा की सारखे बंद-चालू केल्याने यंत्र बिघडते. दिवसातून एकदा वेळापत्रकाने रेडिओ थांबवणे म्हणजे भिंतीवरचे बटण खटाखट दाबणे नव्हे. मोठ्या जाळ्यांच्या नियंत्रक-प्रणालीत ही वेळापत्रके बहुधा आधीपासूनच असतात. फक्त ती कोणी भरलेली नसतात. एक सूक्ष्म गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. केवळ रेडिओ थांबवला तरी चकतीचा प्रोसेसर आणि तारेचा जोडबिंदू वीज घेतच राहतात. खरी बचत हवी असेल तर ज्या नेटवर्क-तारेतूनच चकतीला वीज मिळते, त्या तारेचा स्विचवरचा पुरवठाच रात्री तोडावा. अर्धा उपाय करून पूर्ण बचतीची जाहिरात करणे हीदेखील एक फसवणूकच.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो: मग प्रत्येकाने आपल्या फोनचे वाय-फाय का बंद करू नये? कारण तिथे वाचण्यासारखे फार थोडे आहे. फोनचा रेडिओ आधीच बहुतेक वेळ झोपलेला असतो. तो बंद केल्याने फोन मोबाइल डेटाकडे वळला, तर त्याच कामाला उलट जास्त ऊर्जा लागू शकते. सिग्नल क्षीण असलेल्या खोलीत फोन अधिक ताकदीने ओरडतो, हेही ध्यानात ठेवावे. चुकीचा रेडिओ बंद केला तर खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. ऊर्जा बचतीच्या नावाखाली सामान्य माणसाच्या बोटाला कामाला लावायचे आणि यंत्रणेच्या सवयी तशाच ठेवायच्या, ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. तिला इथे थारा देऊ नये. त्याचप्रमाणे हा मुद्दा किरणोत्साराच्या भीतीशी जोडू नये. वाय-फायने आजार होतात अशा अफवांच्या खांद्यावर बसून आलेली बचत विज्ञानाचे नुकसानच करील. वीज वाया जाते, एवढे कारण पुरेसे आहे.

उपाय माणसाच्या आठवणीवर सोडायचा नसेल, तर तो यंत्राच्या मूळ मांडणीत घालावा लागतो. भारताने हे एकदा करून दाखवले आहे. १ जानेवारी २०२० पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाने खोलीचे वातानुकूलक कारखान्यातून २४ अंशांवर ठरवूनच बाहेर पडतात. कोणाला २० अंश हवे असतील तर त्याने बटण दाबावे, मनाई नाही. पण काहीच न करणाऱ्याचा कल आता बचतीकडे असतो. राउटर आणि ॲक्सेस पॉइंट यांना हाच न्याय लावावा. कारखान्यातून येतानाच त्यांत रात्रीची झोप चालू असावी. ज्याला नको त्याने ती बंद करावी. यंत्र बराच वेळ एकटे असेल तर त्याने जास्तीचे पट्टे आपण होऊन मिटावेत. खोक्यावर कमाल वेगाच्या फुशारकीशेजारी रिकामेपणी लागणारे वॅटही छापावेत. युरोपीय संघाने २०१३ मध्ये नियम करून अशा सतत जोडलेल्या उपकरणांच्या प्रतीक्षा-अवस्थेला २०१७ पासून ८ वॅटची मर्यादा घातली, आणि जोडलेल्या उपकरणांचा बिनतारी संपर्क बंद करण्याची सोय वापरणाऱ्याला देण्याची अटही घातली. तिथे आकाश कोसळले नाही आणि इंटरनेटही थांबले नाही.

टॉवरांच्या बाबतीत दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये आदेश काढले होते: २०१५ पर्यंत निम्मे ग्रामीण टॉवर आणि २०२० पर्यंत ७५ टक्के ग्रामीण टॉवर संकरित, म्हणजे अंशतः अक्षय, विजेवर चालावेत. हेतू चांगला होता. पण त्या उद्दिष्टात वीज कुठून येते याचीच मोजदाद होती. ती कशासाठी जळते हा प्रश्न बाहेर राहिला. सौर पॅनेलवर चालणारा रिकामा रेडिओही रिकामाच असतो. प्रत्येक कंपनीने रात्री कोणत्या तासांत किती संच झोपवले हे जाहीर करावे, अशी अट सेवा-गुणवत्तेच्या अहवालांत घातली, तर ग्राहकांना वेगाइतकीच या आकड्याचीही तुलना करता येईल.

नियम होईपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. या कामाला मोठा निधी लागत नाही, परदेशी भागीदार लागत नाही. एक वीजमापक, एका इमारतीची यादी आणि एक आठवडा पुरतो. कोणत्या तासाला कोणत्या ॲक्सेस पॉइंटला किती उपकरणे जोडलेली होती, याची नोंद नियंत्रक-प्रणालीत असतेच. ती मागावी, तिच्याशेजारी मोजलेले वॅट लिहावेत आणि दोन स्तंभांतली तफावत सूचनाफलकावर लावावी. तंजावरात, पुण्यात, नागपुरात, पणजीत कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षातल्या गटाला हे जमण्यासारखे आहे, आणि संगणकावर झोपवलेल्या हजार काल्पनिक सेन्सरांपेक्षा खरोखर झोपवलेले वीस रेडिओ या विषयाला अधिक उपकारक ठरतील. तो तक्ता हाती आल्यावर प्राचार्यांना एकच प्रश्न विचारावा: या इमारतीत रात्री दोन वाजता जे जळते आहे, त्याच्या मेंढ्या कोणाच्या?